जुना पॉवर टिलर लावणीत अडू नये म्हणून



रोहिणीत धूळपेरणी झाली, मृग बरसला, तरवा हिरवागार उभा राहिला. आता २१ ते २५ दिवसांत तो उपटून लावायला हवा. तरवा कुणासाठी थांबत नाही. महिन्याच्या पुढे गेला की तो जून होतो आणि लावल्यावर फुटवे कमी धरतो, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. आणि नेमका त्याच आठवड्यात, खाचराच्या मधोमध, गुडघाभर चिखलात टिलर बंद पडतो. लावणीला माणसं सांगितलेली असतात, वरून पाऊस कोसळत असतो, आणि चिपळूणच्या मेकॅनिककडे आधीच सगळ्या तालुक्याची यंत्रं रांगेत उभी असतात. गोठ्यात आता बैलजोडीही नाही की म्हणावं, चला, जोत धरू.

हेदवीहून एका श्रोत्यांनी विचारलं आहे की, "आमचा टिलर पंचवीस वर्षांचा झाला. दरवर्षी लावणीत काही ना काही निघतं. विकून टाकू की दुरुस्त करू?" प्रश्न एकट्या हेदवीचा नाही. नरवण, वेळणेश्वर, अडूर, पालशेत, सगळीकडे अशी वयस्कर यंत्रं पडवीत उभी आहेत. म्हणून या पत्रकात जरा सविस्तर लिहितो. उत्तर शेवटी देऊ. आधी यंत्र कशाने खराब होतं ते बघू.

पॉवर टिलर ही मुळात जपानच्या लहान लहान भातखाचरांसाठी बनलेली वस्तू. आपल्याकडे बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने आणि केरळच्या कॅमकोने १९७३ पासून कुबोटाच्या धर्तीवर ही यंत्रं आणली. कोकणात मोठा ट्रॅक्टर वळायला जागा नाही, एका खाचरातून दुसऱ्यात उतरायला वाट नाही, तिथे टिलर बांधावरून उचलून घातल्यासारखा जातो. यंत्र तसं साधं आहे. पुढे १२-१३ अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं, आडवं डिझेल इंजिन. त्यावरून पट्ट्यांनी क्लचकडे, तिथून गिअरबॉक्समध्ये आणि मागे रोटरकडे जोर जातो. इतक्या साध्या यंत्राला पंचवीस वर्षं म्हणजे फार वय नव्हे. ते वयाने मरत नाही. ते मरतं पाण्याने, मिठाने आणि धुळीने.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण निम्मी दुखणी तिथलीच.

चिखलणी करताना चाकांचे आस आणि रोटरची पेटी तासन्‌तास पाण्याखाली असतात. आत तेल, बाहेर चिखल आणि दोघांच्या मध्ये रबराचं एक कडं. ते म्हणजे ऑइल सील. या कड्याची किंमत यंत्राच्या मानाने काहीच नाही, पण सगळा गिअरबॉक्स त्याच्या भरवशावर असतो. सील का जातं? एक तर गवत, पेंढ्याच्या काड्या आणि खतांच्या पोत्यांची प्लॅस्टिकची सुतळी आसाला गुंडाळते आणि फिरता फिरता सीलचा ओठ कापते. सुतळी सगळ्यांत वाईट. ती कुजत नाही, तुटत नाही, गरम होऊन रबरात रुतते. म्हणून रोज संध्याकाळी काम आटोपलं की इंजिन बंद करून कोयतीच्या टोकाने आसाभोवतीचा गुंता काढायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण दमलेला माणूस नेमकं तेच उद्यावर टाकतो.

दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसभर चालून गिअरबॉक्स तापलेला असतो. आतली हवाही तापून फुगलेली असते. असं यंत्र तुम्ही धुवायला थेट पऱ्यात नेलंत की पेटी एकदम गार होते, आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं पाणी सीलच्या फटीतून आत ओढलं जातं. म्हणजे यंत्र अक्षरशः पाणी पितं. हे होऊ नये म्हणून गिअरबॉक्सवर हवा आत-बाहेर जायला एक बारीक भोक असलेली टोपी असते. जुन्या यंत्रांत ती चिखलाने बुजलेली सापडते. कित्येक मालकांना ती आहे हेच माहीत नसतं. ती शोधा, काढा, रॉकेलमध्ये धुऊन तारेने भोक मोकळं करा. आणि यंत्र धुण्याआधी अर्धा तास बांधावर उभं ठेवा. तेवढ्यात तुमचा चहा होतो.

पाणी आत गेलं की नाही हे बघायला मेकॅनिक लागत नाही. यंत्र रात्रभर सपाट जागेवर उभं ठेवा. सकाळी सुरू न करता गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट अगदी सैल करा. तेलापेक्षा पाणी जड, त्यामुळे ते तळाशी बसलेलं असतं. आधी पाण्याचे थेंब आले तर सील गेलं समजा. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी तेलात मिसळलंसुद्धा. अशा तेलावर दुसऱ्या दिवशी यंत्र चालवू नका. सगळं तेल काढा, थोडं डिझेल घाला, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाकं उचलून हाताने फिरवा, ते डिझेलही काढून टाका, मग पुस्तिकेत सांगितलेलं ९० नंबरचं नवीन गिअर तेल खुणेपर्यंत भरा. पण सील बदललं नाही, तर हे तेल चार दिवसांत पुन्हा दुधाळ होणार.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो. एका वर्षी लावणीत तेल पांढरट दिसलं. दोनच खाचरं राहिली होती. म्हटलं, ती उरकू आणि मग बघू. तिसऱ्या दिवशी पेटीतून खडखड आवाज येऊ लागला आणि चौथ्या दिवशी बेअरिंग फुटून त्याच्या गोळ्या गिअरच्या दातांत गेल्या. शंभर-दोनशे रुपयांच्या सीलपायी दोन गिअर, तीन बेअरिंगं आणि नऊ दिवस गेले. ती दोन खाचरं शेवटी शेजाऱ्यांच्या यंत्राने झाली, तीही उशिरा.

सील स्वतः बसवणार असाल तर चार गोष्टी पाळा. स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे ठेवा. बसवण्याआधी ओठाला ग्रीस लावा, कोरडं सील पहिल्याच फेऱ्यात जळतं. हातोडी थेट मारू नका, वर लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून चहूकडून सारखं ठोका. आणि आसावरून नख फिरवून पाहा. जुन्या सीलने तिथे खोबण पाडली असेल तर नवीन सीलही गळणार. मग टर्नरकडून तिथे स्लीव्ह बसवून घ्यावी लागते, नाहीतर जागा असेल तर सील केसभर आत-बाहेर सरकवून ओठ गुळगुळीत भागावर आणावा लागतो.

आता मिठाचं बघू. देशावरच्या शेतकऱ्याला हा त्रास नाही, आपल्याला आहे. हेदवीच्या बामणघळीत उधाणाचं पाणी उसळतं ते बघायला लांबून माणसं येतात. पण लोखंडाला खायला तेवढा तुषारही लागत नाही. समुद्रावरून येणारा रोजचा खारा वारा पुरतो. त्यात आपलं यंत्र जून-जुलैत दीड महिना राबतं आणि उन्हाळी भाजीपाला नसेल तर उरलेलं वर्ष उभं राहतं. चालताना झिजतं त्यापेक्षा उभं राहून ते जास्त गंजतं. म्हणून लावणीनंतर यंत्र कसं ठेवलं, यावर पुढच्या वर्षीची लावणी अवलंबून आहे.

पहिलं म्हणजे गोड्या पाण्याने धुवा. खाडीचं पाणी नको आणि मचूळ विहिरीचंही नको. धुतल्यावर इंजिन थोडं चालवून ओल जाऊ द्या. मग इंजिन गरम असतानाच त्याचं जुनं तेल काढा, म्हणजे तळाची काजळी तेलाबरोबर निघून जाते. गार तेल काढलं तर घाण आतच राहते. जुनं तेल वापरून वर्षभर तसंच ठेवू नका, त्यातलं आम्ल बेअरिंगं खातं. नवीन तेल भरून दोन मिनिटं इंजिन फिरवा. काढलेलं तेल गाळून रोटरची पाती, केजव्हील आणि उघडं लोखंड यांना ब्रशने फासा. पट्ट्यांना मात्र त्याचा थेंबही लागू देऊ नका.

डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा. टाकी अर्धी रिकामी असली की आपल्या दमट हवेतली वाफ आतल्या पत्र्यावर थंड होऊन थेंब होते आणि थेंब तळाशी साचतात. जूनमध्ये तेच पाणी पंपात आणि नोझलमध्ये जातं. रेडिएटरमधलं पाणी काढून टाका आणि हँडलला एक पुठ्ठा बांधा, 'पाणी नाही' असं लिहून. हे हसण्यावारी नेऊ नका. घरातल्या एकाने पाणी काढायचं आणि दहा महिन्यांनी दुसऱ्याने हँडल मारायचं, यात इंजिन चिकटल्याची उदाहरणं आहेत.

मग हँडल हळूहळू फिरवा आणि जिथे ते जड होतं तिथे थांबवा. त्या ठिकाणी दोन्ही झडपा बंद असतात, त्यामुळे खारी हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. क्लच सोडवलेल्या स्थितीत ठेवा, नाहीतर प्लेटी गंजून एकमेकींना चिकटतात. पट्टे सैल करा. यंत्र जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे टायर एकाच जागी दबून तडकत नाहीत. महिन्यातून एकदा डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडलचे दहा-वीस फेरे मारा आणि पुन्हा जड जागेवर आणून सोडा.

यंत्र कुठे ठेवता हेही बघा. गोठ्यात नको. गोमूत्राची वाफ लोखंड आणि पितळ दोन्ही खाते. युरिया-सुफल्याच्या पोत्यांच्या शेजारीही नको, तिथे तर गंज धावत येतो. प्लॅस्टिकच्या कागदात गच्च गुंडाळलं तर ओल आत कोंडते. पडवीत, वारा खेळेल असं, वरून जुनं गोणपाट टाकून ठेवलेलं बरं. एअर क्लीनरच्या तोंडाला फडकं बांधा, उंदरांना ती जागा फार आवडते. फडकंही पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

तिसरी धूळ. चिखलात कुठली धूळ, असं वाटेल. पण धूळपेरणीआधीची उखळणी कोरड्यात होते आणि जांभ्याची तांबडी माती पिठासारखी बारीक असते. ती इंजिनात गेली की सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश कागदासारखं काम करते. जुन्या टिलरच्या एअर क्लीनरमध्ये खाली तेलाची वाटी असते. कोरड्या कामाच्या दिवसांत ती रोज उघडून बघा. तळाला चिखल बसला असेल तर वाटी आणि वरची जाळी रॉकेलने धुवा, सुकवा, इंजिनचं तेल खुणेपर्यंत भरा. जास्त घालू नका. जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं आणि कधी कधी थ्रॉटल बंद केला तरी त्या तेलावरच सुसाट पळत सुटतं. तसं झालंच तर न घाबरता डिकॉम्प्रेशनची कळ उचला.

इंजिनची प्रकृती धुरावरून कळते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर बघा, मग नोझल. रोटर फार खोल लावला असेल तरीही काळा धूर येतो, तो दोष इंजिनचा नव्हे. निळसर धूर आणि रोज घटणारं तेल म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर झिजला. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर चालतो, तापल्यावरही येत राहिला तर डिझेलात पाणी किंवा नोझल खराब. आणि कळ न उचलता हँडल सहज गरगर फिरत असेल तर दाब उरलेला नाही, झडपा किंवा रिंगा गळताहेत. नोझल तपासायचं काम डिझेल पंपाच्या दुकानातच करून घ्या. फवारा बघायला त्यापुढे हात धरू नका, तो कातडीतून आत शिरतो.

डिझेल संपून इंजिन बंद पडलं तर नळीत हवा शिरते, मग कितीही हँडल मारा, चालू होत नाही. बरेच जण इथेच मेकॅनिकला फोन करतात. टाकी भरा, कॉक उघडा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा. आधी बुडबुडे येतील. नुसतं डिझेल आलं की तो आवळा. तसंच पंपावरच्या स्क्रूचं करा. मग नोझलकडे जाणाऱ्या नळीची चावी जराशी सैल करून हँडल फिरवा, डिझेल झिरपलं की आवळा. आता हँडल फिरवताना नोझलमधून 'कर्र कर्र' आवाज आला की इंजिन सुरू होणार.

पट्टे आणि पाती यांचं थोडक्यात सांगतो. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बोटाच्या जाडीइतका आत जावा. तीन पट्ट्यांपैकी एकच तुटला तरी तिन्ही बदला, नाहीतर नवा एकटाच सगळा भार ओढतो. पाती डावी-उजवी असतात. काढताना क्रम खडूने लिहून ठेवा आणि रुंदी निम्मी झिजली की बदला. बोथट पात्यांनी डिझेल जास्त जातं आणि चिखल मात्र तसाच राहतो.

यापुढचं घरात जो कुणी टिलर धरतो त्याला वाचून दाखवा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालू नका. उलटा झटका आला तर अंगठा मोडतो. मागे घेताना रोटर आधी बंद करा. यंत्र मागे येतं, पाय चिखलात रुतलेले असतात आणि पाती फिरत असतात, मग पळायला वेळ मिळत नाही. पट्ट्यांवरचं झाकण काढून यंत्र चालवू नका, आणि लुंगीचा सोगा नीट खोचा.

उताराचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे सगळे रस्तेच उताराचे. सपाटीवर डावी कळ दाबली की टिलर डावीकडे वळतो. उतारावर इंजिन यंत्राला मागे धरून ठेवतं, त्यामुळे डावी कळ दाबली की डावं चाक मोकळं होऊन पुढे धावतं आणि टिलर उजवीकडे वळतो. नवीन माणूस इथेच चुकतो आणि यंत्रासकट दरडीखाली जातो. उतारावर खालचा गिअर टाका, कळा दाबू नका, हँडल अंगाने वळवा आणि उतारावर क्लच सोडवू नका.

आता हेदवीच्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे. विकायचं की ठेवायचं हे वयावरून ठरवू नका. इंजिनचा दाब, गिअरबॉक्सचं तेल आणि ओतीव पेटीला चीर आहे की नाही, या तीन गोष्टी बघा. दाब चांगला असेल आणि पेटी शाबूत असेल तर सीलं, बेअरिंगं, पट्टे, पाती यांवर खर्च करणं परवडतं. ही सगळी बाजारात मिळणारी वस्तू आहे. दाब गेला असेल पण पेटी चांगली असेल, तरी रिंगा आणि लायनर बदलून यंत्र उभं राहतं, मात्र आधी अंदाजपत्रक मागा. पेटीच चिरली असेल किंवा मुख्य गिअर खाल्ले असतील आणि तुमच्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नसतील, तर पैसे घालू नका. तसलं यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्याच मॉडेलवाल्या शेजाऱ्याला सुट्या भागांसाठी द्या. नव्या यंत्रासाठी अनुदानाची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करा.

सुट्या भागांसाठी एक युक्ती. जुन्या मॉडेलचा भाग कंपनीच्या नावाने मागितला की दुकानदार 'बंद झाला' म्हणतो. पण बेअरिंगं आणि सीलं कंपनीची नसतात, ती मापाची असतात. बेअरिंगच्या कडेला आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०५. त्यातल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचं माप येतं, म्हणजे २५ मिलिमीटर. ६२०६ असेल तर ३०. (०४ पासून पुढच्या आकड्यांना हा हिशेब लागू.) सीलवर तीन मापं असतात, आतलं, बाहेरचं आणि रुंदी. हे आकडे सांगितले की चिपळूणच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात वस्तू मिळते. आकडा पुसला गेला असेल तर जुनी वस्तूच धुऊन, फडक्यात बांधून बरोबर न्या. यंत्राच्या पाटीवरचा मॉडेल नंबर आणि इंजिन नंबरही वहीत उतरवून ठेवा. खाऱ्या हवेत ती पाटी पहिल्यांदा गंजते.

पट्ट्यांचा एक जोड, चाकाची दोन सीलं, फिल्टरचं एक भांडवल आणि चार पाती एवढं सामान मे महिन्यातच घरात आणून ठेवा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तेच सामान सगळा तालुका एकदम मागत असतो.